ऐंशी रुपये भाराची देवी

तोळा म्हणजे नक्की किती, असं कुणी मला विचारलं की माझं डोकं तापतं. विचारणारा बिचारा साधा असतो. कुणाच्या तरी लग्नाची खरेदी असते, सराफ दहा ग्रॅमचा तोळा म्हणत असतो, आजी अकरा-बारा ग्रॅमचा म्हणत असते, आणि मी सगळ्यात मोठ्या आवाजाची म्हणून निवाडा माझ्याकडे येतो. मी निवाडा देते, पण असा देते की सातारच्या भर बाजारात माझा नवरा चार पावलं मागे सरकून आपण या बाईबरोबर आलोच नाही असं दाखवतो. त्याला दोष देत नाही. त्या यात्रेला तो नव्हता.

माझं माहेर विट्याच्या बाजूला, कोरड्या माळाचं. आमच्या गावात पुरुष उगवतात आणि निर्यात होतात. कुणी पंजाबात, कुणी केरळात, कुणी तमिळनाडूच्या अशा एखाद्या गावात, ज्याचं नाव त्याच्या आईला आजही म्हणता येत नाही. सगळ्यांचा धंदा एकच, गलाई. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातला कस काढायचा, शुद्ध करून परत द्यायचं. यात्रेला ही मंडळी गाड्या भरून येतात, अंगाला अत्तर, गळ्यात साखळ्या, आणि तोंडात अर्ध्या हिंदुस्थानच्या भाषा. बायका वर्षभर गावात असतात. शेत, म्हातारी माणसं, जनावरं आणि देवी, एवढं सांभाळायला.

देवी म्हणजे चांदीचा मुखवटा. तो देवळात राहत नाही. भावकीतल्या घरांत पाळीनं फिरतो. एका घरात एक वर्ष, मग यात्रेच्या आदल्या दिवशी देवळाच्या मंडपात भावकी जमते, मुखवट्याचं वजन होतं आणि तो पुढच्या घराच्या ओटीत जातो. वजन करायची रीत आमच्या पणज्याच्याही आधीची. तागडीच्या एका पारड्यात देवी, दुसऱ्यात राणीछाप चांदीचे रुपये. ऐंशी रुपये. एक रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी तोळे म्हणजे एक शेर, म्हणून आमची देवी शेराची. पारडी समोरासमोर आली की गुरव ओरडायचा, ‘भरली!’ आणि हलगी वाजायची. मी लहानपणापासून ते ‘भरली’ ऐकत आले आहे. एकदाही देवी कमी भरली नाही. रुपये वेगळे कुठं ठेवायचे नाहीत, मुखवट्याबरोबर एकाच पितळी डब्यात, हाही रिवाज.

त्या वर्षी देवी माझ्या धाकट्या काकीच्या घरी होती. ही काकी म्हणजे बारीक चणीची, तोंडाची तिखट, आणि कामाला वाघीण. तिनं ते वर्ष कसं पाळलं ते मी पाहिलं आहे. सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला जायचं होतं, गेली नाही. देवी घरात एकटी कशी ठेवायची? दातदुखीनं गाल सुजला तरी सकाळचा दिवा चुकला नाही. काका तिकडे कोइमतूरला मुशीत फुंकर घालत होते आणि ही इथं त्यांच्या वाटणीचा मान एकटी वाहत होती.

यात्रेच्या आदल्या दिवशी आम्ही मंडपात गेलो तर तागडी टांगलेली नाही. टेबलावर नवाकोरा, काचेच्या पेटीत बसवलेला डिजिटल काटा. त्याला हार घातलेला. शेजारी माझा एक चुलत भाऊ, लुधियानावाला, उभा. गलाईत बरकत आली की माणसाला आधी पोट सुटतं आणि मग भाषण सुटतं. याचं दोन्ही सुटलेलं. काटा त्यानं देवीला भेट दिला होता, आणि पुढच्या वर्षाची पाळीही त्याच्याच घराची होती. त्याची बायको नवं हिरवं कापड हातात घेऊन खांबाशी बसली होती.

‘मंडळी,’ तो म्हणाला, ‘जुनी तागडी आता ऱ्हाऊ द्या. तिच्यावर माशी बसली तरी कळत न्हाई. ह्यो काटा बगा, फुंकर मारली तर आकडा हलतोय.’ आणि त्यानं खरंच फुंकर मारली. आकडा हलला. पुरुषमंडळी खूश.

मग वर्ग भरला. आठ गुंजा म्हणजे एक मासा. बारा मासे म्हणजे एक तोळा. खरा तोळा म्हणजे अकरा ग्रॅम आणि वर सहासष्ट. बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा म्हणजे सरकारनं सोयीसाठी केलेला, त्याला आमी धंद्यात काय किंमत देत न्हाई. ‘देवी जुनी, म्हणून तोळा जुना. ऐंशी गुणिले अकरा सहासष्ट. नऊशे तेहतीस ग्रॅम. आता बगा, देवी नऊशे तेहतीस भरणार.’ त्यानं हात असा फिरवला की जादूगारच. मला, खोटं कशाला सांगू, मजा येत होती. नाटक बघायला मला आवडतं, आणि कलाकार बरा होता.

काकीनं डबा उघडला. मुखवटा लखलखत होता. तिनं तो दोन्ही हातांनी काट्यावर ठेवला आणि आकडा थांबला. आठशे ब्याण्णव.

भावानं मुखवटा उचलला, परत ठेवला. आठशे ब्याण्णव. काचेची दारं लावली. आठशे ब्याण्णव.

आणि या माणसानं काय केलं? काकीला काही विचारलं? तागडी आणा म्हणाला? नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि त्या आकड्याचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजला, मागे बसलेल्या बायकांचे वाजले. फोटोखाली लिहिलं होतं, ‘एक्केचाळीस ग्रॅम चांदी गायब.’ आणि एक डोळे वटारलेलं पिवळं तोंड. म्हणजे आम्ही मंडपात असताना ही बातमी अमृतसरपासून एर्नाकुलमपर्यंत पोचली होती. आमच्या गावचा माणूस नाही असा सराफकट्टा देशात नाही. काकीची अब्रू एका बोटानं सगळ्या कट्ट्यांवर गेली.

मग तो म्हणाला, ‘काकी, गेल्या साली ऐंशी भरली हुती. समद्यांच्या देखत. ह्या सालात देवी तुमच्याकडंच हुती.’

‘व्हय. मग?’

‘मग मी काय बोलू? तुमीच सांगा.’

‘तूच बोल. तोंड तुझं हाय.’

‘घरात मूस हाय, कानस हाय. काका धंद्यातलं. मागल्या बाजूनं जरा-जरा कानस मारली तर...’

‘चोर म्हण की सरळ,’ काकी म्हणाली. ‘जीभ जड झाली व्हय रं?’

‘म्हणायचं झालं तर देवीच्या घरात चोरीच म्हणतात त्याला,’ तो म्हणाला. मोठ्यानं. खांबाखांबाला ऐकू जाईल असा.

मी काकांकडे पाहिलं. ते पुरुषांच्या पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते. आता उठतील, आता गळपट्टी धरतील. काकांनी पायाच्या अंगठ्याचं नख बघितलं. मग दुसऱ्या पायाच्या अंगठ्याचं. आयुष्यभर लोकांच्या सोन्याचा कस बघणारा माणूस, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःच्या नखांशिवाय काही दिसेना.

आणखी एकानं मागून ठराव पण मांडला. काकीच्या घरची पाळी बंद करा. पुढच्या पिढीलाही नाही. माना हलायला लागल्या.

आमच्याकडे माहेरवाशिणीनं भावकीच्या बैठकीत बोलायचं नसतं. तिनं ओटी घ्यायची, पुरणपोळी खायची आणि आपल्या सासरी जायचं. मी उठले. गुडघा कडकडा वाजला, तोही मला शोभून दिसला असावा, कारण सगळे वळले.

‘तुझा काटा खोटा हाय!’ मी गर्जना केली.

‘आक्का, तू बस.’

‘नाही बसत! हे यंत्र खोटं बोलतंय, आणि मी आत्ता सिद्ध करते!’

मी हातातली सोन्याची बांगडी ओढून काढली. ओढताना हात सोलला, पण नाटकात थांबता येत नाही. सातारच्या सराफानं ती नुकतीच माझ्यासमोर वजन करून दिली होती. ‘बरोबर वीस ग्रॅम! बघा आता तुमचा काटा काय दाखवतो!’ मी ती काट्यावर आपटली.

वीस ग्रॅम. शून्य शून्य.

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. भाऊ बांगडी परत देताना म्हणाला, ‘काटा बरोबर हाय आक्का. आणि सराफ पण बरोबर हाय. तेवढं तरी बरं झालं.’

आता पहिल्यापेक्षा दुप्पट वाईट झालं होतं. काटा खरा ठरला म्हणजे काकी खोटी ठरली, आणि ठरवली कुणी, तर मी! मला इतका राग आला की कानांत हलगी वाजायला लागली. स्वतःचा राग, भावाचा राग, काकांच्या त्या दोन अंगठ्यांचा राग. शहाणपणानं मी काही केलं असं कुणी म्हणू नका. मला फक्त खाली बसायचं नव्हतं.

‘बरं,’ मी म्हणाले, ‘काटा खरा. मग गेल्या वर्षी काय या काट्यावर मोजली होती? रुपयांनी मोजली होती ना? मग रुपये मोज.’

‘रुपये काय मोजायचे त्यात? रुपया म्हंजे तोळा. ते जगात ठरलेलं हाय.’

‘ठरलेलं आहे तर मोजायला भितोस का?’

‘मी? भितो?’ त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. गर्दीकडे बघून डोळा मारला. ‘मंडळी, आक्काचं समाधान करू. ऐंशी रुपये टाकतो. आकडा येणार नऊशे तेहतीस. आला की आक्का बसणार आणि परत उठणार न्हाई. मंजूर?’

‘मंजूर!’ मंडप म्हणाला.

त्यानं डबा उचलून सगळे रुपये खळ्ळकन काट्यावर ओतले. आकडा पळाला, डोलला, थांबला.

आठशे त्र्याण्णव.

मी ते दृश्य अजून कधी कधी मनात पुन्हा लावते. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यानं रुपये एकेक करून मोजले. ऐंशी होते. एक उचलून एकटाच ठेवला. अकरा ग्रॅम आणि वर थोडं. दुसरा. तसाच. सहासष्ट कुणालाच गाठता येईना. राणीचा चेहरा प्रत्येकावर असा गुळगुळीत झालेला, की नाक-डोळे नाहीतच, नुसता अंबाडा उरलेला.

‘रुपये पण घरी नेऊन कानसलं!’ तो किंचाळला. आता त्याच्या आवाजाला धार नव्हती, पण सवय होती.

तेव्हा मागून, बायकांच्या घोळक्यातून, एक म्हातारा आवाज आला. ती त्याचीच आई होती. डोळ्यानं अधू, कानानं तिखट.

‘आरं मुडद्या, कानस कशाला पाहिजे? दरसाल घासतोय की आमी. देवी देताना काळी द्यायची व्हय? राख घ्यायची, चिंच घ्यायची, आन् घासायची.’

‘देवी घासता गं आये, रुपये कशाला?’

‘मंग? देवीसमोरच्या पारड्यात काळं रुपये ठेवायचं? तुझ्या बापानं मला जोड्यानं मारलं असतं. माझ्या पाळीला तर मी दोनदा घासलं हुतं समदं. चकाकीच येईना.’

‘मी तर पितांबरीनं घासलं,’ दुसरी म्हणाली.

‘आमच्यात सासूबाई विटंचा चुरा घ्यायच्या,’ तिसरी.

आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी नारळाच्या शेंडीनं घासलं होतं, कुणी रांगोळीनं, एकीनं तर भांडी घासायच्या तारेनं. त्या बायका हसत होत्या, आणि मी तिथं उभी राहून हळूहळू समजत होते. देवी आणि तिचं माप एकाच डब्यात राहत होती, एकाच हातानं, एकाच राखेनं घासली जात होती. दोन्ही सारखीच झिजत होती. म्हणून तागडी दर वर्षी बरोबर यायची. देवी कमी होत होती आणि तिच्याबरोबर तोळाही. गुरव पिढ्यान् पिढ्या ‘भरली’ ओरडत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

ती एक्केचाळीस ग्रॅम चांदी कुठं होती? गावातल्या प्रत्येक मोरीत. आणि आमचे पुरुष काय करतात तिकडे? सराफांच्या दुकानातली झाडलोटीची धूळ पोत्यानं विकत घेतात. ती धुतात, जाळतात, आणि त्यातून कणभर सोनं काढतात. परक्या गावच्या धुळीतला कण यांना दिसतो. आपल्या घरात कोण काय घासतं आणि किती वर्षं, हे विचारायला यांच्यापैकी एकही कधी मोरीपर्यंत आला नव्हता. म्हणून पहिला शब्द तोंडात आला तो ‘चोरी’.

तुम्हाला वाटेल आता माझा राग गेला असेल. आता तर तो आला! कारण पुढं काय झालं माहीत आहे? मंडळी हसली. एकमेकांना टाळ्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, ‘चला, मिटलं. नारळ फोडा.’ हलगीवाल्यानं हलगी शेकायला घेतली. ठराव मांडणारा गृहस्थ पाणी प्यायला निघून गेला. काका उठले आणि शेजारच्याला म्हणाले, ‘मला वाटलंच हुतं.’ वाटलं होतं! नखात दिसलं असावं.

काकी हलली नव्हती. तिनं मुखवटा काट्यावरून उचलून पदरात घेतला होता आणि ती मांडी घालून खाली बसली होती. भावाची बायको हिरवं कापड पसरून पुढं आली. काकीनं मान हलवली.

‘थांब बाई. तुझ्यावर राग न्हाई माझा.’

‘काकी, मुहूर्त चाललाय,’ भाऊ म्हणाला.

‘चालू दे.’

‘आवं झाला गैरसमज. सोडा की आता.’

‘कुणाचा झाला?’

‘... झाला.’

‘कुणाचा रं? माझा? मला तर समदं ठावं हुतं, मी काय घेतलं आन् काय न्हाई.’

‘माझा झाला.’ तो जमिनीकडे बघून म्हणाला.

‘मगाशी तुझा आवाज लय मोठा हुता. घसा बसला व्हय?’

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. भावानं फोन काढला, पटपट काहीतरी लिहिलं. माझ्या पर्समध्ये परत वाजलं. मी वाचून दाखवलं, ठणठणीत आवाजात: ‘गैरसमज दूर झाला आहे.’ आणि पुढं जोडलेले हात.

‘ह्यात माझं नाव कुठं हाय?’ काकीनं विचारलं. ‘आन् चोरीचं काय झालं त्यात? लिवू नगंस तू. आवाजात टाक. केरळपत्तूर गेलं ना मगाशी? तसंच जाऊ दे.’

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी सोडवीन. मी माझा सोललेला हात त्याला दाखवला.

त्यानं फोन तोंडाजवळ धरला. सुरुवात केली, थांबला, परत केली. तिसऱ्या वेळी बोलला, आणि मोठ्यानं बोलला: ‘धाकट्या काकीनं देवीची चांदी घेतली न्हाई. मी चोर म्हणलो, ते माझं चुकलं. काकीची पाळी हाय तशी ऱ्हाणार.’ मग फोन खाली केला. कपाळावर घाम होता. मला त्याची कीव आली असं लिहायला हवं, पण नाही आली.

काकी उठली. मुखवटा त्याच्या बायकोच्या ओटीत घातला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, ‘औंदा नुसत्या पाण्यानं पूस बाई. राख नगं.’ मग हलगी वाजली. कुणी ‘भरली’ ओरडलं नाही, कारण काय भरली आणि किती, हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

घरी आलो. दुपार कलली होती. पोळ्या झाल्या होत्या, कटाच्या आमटीला उकळी आली होती, आणि काका हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. चांगलेच खुशीत होते. ‘लुधियानावाल्याची लय जिरली,’ ते म्हणाले. ‘वाढा.’

मी आमटीचा डाव भरून उभी होते. काकीनं माझा हात धरला.

‘वाढू नगंस.’

‘का गं?’ काकांनी विचारलं.

‘तुमी बी म्हणा.’

‘काय म्हणू?’

‘त्येनं म्हणलं त्येच. मी चांदी घेतली न्हाई म्हणा.’

‘आता? आगं मला का ठावं न्हाई? मी तुला चोर म्हणलो व्हय?’

‘तुमी कायच म्हणला न्हाईसा,’ काकी म्हणाली. ‘तवाच म्हणायचं हुतं. आता म्हणा.’

काका हसले. तिचं तोंड बघून हसू विरलं. त्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. आमटीचा वास घरभर झाला होता, आणि माझा हात भरून आला होता, पण मी डाव तसाच धरून ठेवला.

‘न्हाई घेतली तू,’ ते ताटाला म्हणाले.

‘हिकडं बगून,’ काकी म्हणाली.